थारला २० इंची रिम आणि ३३ इंची टायर टाकावेत का?

तुमची महिंद्राची तीन दारी थार नवी आहे, टायर २५५/६५ आर १८ आहेत. ते काढून २० इंची अलॉय (मिश्रधातूच्या रिम) आणि ३३ इंची टायर टाकले, तर भंडारदरा-हरिश्चंद्रगडाकडच्या कच्च्या वाटांवर गाडी जास्त चांगली चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

टायर थोडा उंच घ्यायला माझी हरकत नाही. रिम मात्र मोठी घेऊ नका, जमलं तर लहान करा. मी अशीच थार पुण्याहून ताम्हिणी, वेल्हे, भोर भागात चालवतो आणि ही चूक स्वतःच्या पैशाने केलेली आहे.

कच्च्या वाटेवर काम करते ती रिम आणि जमीन यांच्यामधली रबराची उंची, म्हणजे साइडवॉल. टायरवरच्या आकड्यांतून ती लगेच काढता येते. २५५/६५ म्हणजे २५५ मिलिमीटर रुंदी आणि तिच्या ६५ टक्के उंची, साधारण १६६ मिलिमीटर; पुढचं ‘आर १८’ म्हणजे १८ इंची रिम. थारच्याच खालच्या प्रकारांत कंपनी २४५/७५ आर १६ देते, त्याची साइडवॉल १८४ येते. २० इंची रिमवर २७५/५५ चढवलात तर उरतात जेमतेम १५१. दिसायला चाक भरदार, पण दगडाचा घाव झेलायला रबर कमी. आपल्याकडचा काळा कातळ धारदार असतो. पाण्याखाली दिसत नाही आणि आदळला की रिमची कड वाकते किंवा टायरची बाजू फाटते. बाजूचा काप पंक्चरवाल्याकडे सांधून मिळत नाही, टायर थेट भंगारात जातो.

उंच साइडवॉलचा खरा उपयोग हवा कमी केल्यावर कळतो. चिखलाच्या पाणंदीत शिरण्याआधी मी हवा १८ ते २० पीएसआयवर आणतो. टायर खाली पसरतो, जमिनीवरचा ठसा लांबतो आणि जिथे चाक नुसतं गरगरत होतं तिथून गाडी हळूच वर येते. पहिल्यांदा हे अनुभवलं तेव्हा मोठ्या टायरसाठी घातलेल्या पैशांचं मला वाईट वाटलं होतं. बुटक्या साइडवॉलला पसरायला जागाच नसते. हवा काढली की लगेच रिमला धोका. परत डांबरावर येण्याआधी हवा भरायलाच हवी, म्हणून बारा व्होल्टचा चांगला पंप आणि प्रेशर गेज आधी घ्या, अलॉय नंतर बघा.

आता ३३ इंचाबद्दल. तुमच्या आत्ताच्या चाकाचा पूर्ण व्यास ७८९ मिलिमीटरच्या आसपास आहे. बाजारात ३३ इंची म्हणून मिळणारा २८५/७० आर १७ जवळजवळ ८३१ भरतो. व्यास ४२ मिलिमीटरने वाढला, पण गाडी उचलली जाते त्याच्या निम्मी, २१ मिलिमीटर. बोटाच्या एका पेराएवढ्या या उंचीसाठी बाकी सगळ्याची किंमत मोजायची आहे. काटा ८० दाखवेल तेव्हा गाडी खरं तर ८४ ने पळत असेल. चाकाशी पोचणारी ओढ पाच टक्क्यांनी कमी होईल, म्हणजे चढावर हाफ क्लच जास्त आणि क्लच प्लेट लवकर जाणार. तेवढ्याच प्रमाणात उतारावरचा इंजिन ब्रेकही ढिला पडतो. हे मला सगळ्यात जास्त खटकलं. पावसात, माणसं आणि सामान भरून, फोर लोच्या (चारही चाकांना ताकद देणाऱ्या संथ गियरच्या) पहिल्या गियरमध्ये ओल्या उतारावर गाडी जशी दबून उतरायची तशी ती उतरेना, पाय पुन्हा पुन्हा ब्रेकवर जायला लागला. वर एका चाकामागे सहा-सात किलोंची भर पडली होती. फिरणारं वजन थांबवायला ब्रेकला जास्त झटावं लागतं.

माझ्या दुकानदाराने टायर आत घासू नयेत म्हणून बाहेर निघालेल्या, कमी ऑफसेटच्या रिम दिल्या (ऑफसेट म्हणजे रिम हबवर टेकते ती जागा रिमच्या मध्यापासून किती सरकलेली आहे ते माप). त्याने टायर चासीपासून लांब गेला, पण स्टिअरिंग पूर्ण वळवलं की फेंडरच्या प्लास्टिकला घासायला लागला. रिकाम्या गाडीत दुकानासमोर हे दिसलं नाही, चौघं बसून घाटातल्या वळणावर दिसलं. शिवाय रस्त्यावरची चर पकडून स्टिअरिंग ओढू लागलं. म्हणून रिम घेताना नुसता व्यास आणि बोल्टचं माप पाहू नका. ऑफसेट मूळ रिमच्या जवळचा हवा आणि मधलं भोक हबवर नीट बसायला हवं.

मी आता २६५/७० आर १७ ऑल टेरेनवर (डांबर आणि कच्ची वाट दोन्हींसाठीच्या टायरवर) आहे. साइडवॉल १८५, व्यास ८०३, काट्यातला फरक दोन टक्क्यांच्या आत. तुम्हाला कागदोपत्री कटकट कमी हवी असेल तर १६ इंची रिमवर कंपनीचंच २४५/७५ माप घ्या. व्यास किंचित कमी होतो, पण साइडवॉल जवळपास तेवढीच मिळते आणि कातळावर मी तीच जोडी पसंत करेन. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून फारकत घेणारे बदल चालत नाहीत आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा ठामपणे सांगितलं आहे. कंपनीच्या मापाबाहेर जायचं असेल तर आधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीकडून लेखी घ्या. अपघातानंतर हा वाद घालायची वेळ कुणावर येऊ नये.

मड टेरेन (मोठ्या खाचांचा, चिखलासाठीचा टायर) घ्यावा का? तुमचं बरंचसं चालवणं नाशिक-मुंबई हायवेवर आहे असं तुम्हीच लिहिलंय, तेव्हा नको. काळ्या मातीत त्याच्या मोठ्या खाचा माती झटकून टाकतात, तिथे ऑल टेरेन लवकर लिंपला जातो, हे मान्य. पण ओल्या डांबरावर मड टेरेनची पकड कमी पडते आणि पावसाळ्यात घाटात गाडी रोज ओल्या डांबरावरच असते.

खरेदी करताना बाजूवर कोरलेला लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) मूळ टायरपेक्षा कमी नको. चार आकडी तारीखही वाचा, ‘२३२४’ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. टायर पाच घ्या, चार नव्हे. फोर बाय फोरमध्ये वेगळ्या मापाची स्टेपनी लावून चालवलं तर चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गियरांवर ताण येतो. स्टेपनी मागच्या दारावर लटकते, ती जड झाली तर बिजागऱ्या खडखडायला लागतात, मोठं चाक टाळायचं हे आणखी एक कारण.

एक कळकळीची विनंती. रुंद टायर आले की सड्यावर (डोंगरमाथ्यावरच्या कातळी पठारावर) गाडी घालायचा मोह होतो. तिथली माती काही बोटं जाड असते आणि त्यातच पावसाळी फुलांचे कंद असतात. वाटेवरच राहा.

बसवून झाल्यावर अलाइनमेंट करा, गाडी पूर्ण भरून दोन्ही बाजूंना स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवून कुठे घासतंय का पाहा आणि पहिल्या शंभर किलोमीटरनंतर चाकांचे नट टॉर्क रेंचने पुन्हा आवळून घ्या. नव्या रिम बसताना ते थोडे सैल पडतात.