पगार 25 टक्के जास्त, मग सोडू का ही नोकरी?

प्रश्न: मी 36 वर्षांची आहे. नऊ वर्षं एकाच कंपनीत आहे. वरिष्ठ चांगले आहेत, वेळेवर घरी जाता येतं, मुलगी आजारी पडली तर रजेवरून कुणी बोलत नाही. पण सहा वर्षं जवळपास तेच काम करते आहे आणि पगारवाढ 5 टक्क्यांच्या वर जात नाही. आता एका छोट्या कंपनीकडून 25 टक्के जास्त पगाराची ऑफर आली आहे. तिथे आठ जणांची टीम आणि ग्राहकांशी थेट व्यवहार माझ्याकडे असेल. आठवड्याला 40 ऐवजी 50 तास द्यावे लागतील. नवऱ्याचा व्यवसाय आहे, त्याचं उत्पन्न कमीजास्त होतं, म्हणून घर माझ्याच पगारावर चालतं. गृहकर्ज आहे. पाच महिन्यांचा खर्च बाजूला आहे, शिवाय कर्जाचा काही भाग आधीच फेडायला वेगळी रक्कम जमवली आहे. दोन वर्षं नुसता विचार चालू आहे, आणि आता दहा दिवसांत उत्तर द्यायचं आहे. दोन्हीकडच्या पगाराचा तपशील सोबत जोडला आहे. काय करू?

उत्तर: तपशील जोडलात हे फार बरं केलंत, कारण त्यातला पहिलाच आकडा फसवा आहे. तुमचा आजचा महिन्याचा पगार 100 धरू. नवी कंपनी 125 देते म्हणते, पण त्यातले 15 कंपनीच्या कामगिरीवर अवलंबून आहेत. नक्की हातात येणारे 110. इकडे तुम्हाला दरवर्षी दीड महिन्याच्या पगाराइतका बोनस मिळतो आणि तो एकदाही चुकलेला नाही. तो बारा महिन्यांत वाटला तर तुमचा खरा पगार आजच 112.5 होतो. शिवाय तुमच्या आईवडिलांचा आरोग्य विमा सध्याची कंपनी भरते, नवी भरणार नाही. तुम्हीच दिलेल्या अंदाजानुसार त्याला महिन्याला 3 लागतील. म्हणजे सगळं सुरळीत चाललं तर 112.5 च्या जागी 122, आणि नव्या कंपनीचं वर्ष वाईट गेलं तर 107. वाढ फार तर साडेआठ टक्के, नाहीतर जवळपास 5 टक्क्यांची घट. आणि कामाचे तास मात्र 25 टक्क्यांनी वाढणार.

केवळ या हिशेबावर मी तुम्हाला थांबा म्हटलं असतं. वेळेवर घरी पोचणं, मुलीच्या तापात न संकोचता रजा मागता येणं, हीसुद्धा कमाईच आहे. पगाराच्या पावतीत ती दिसत नाही म्हणून तिला फुकट समजू नका.

पण तुम्हाला अजून पुष्कळ वर्षं कमवायचं आहे. साठाव्या वर्षी निवृत्त व्हायचं धरलं तरी 24 वर्षं. इतक्या मोठ्या काळात पहिल्या महिन्याच्या पगारापेक्षा तो कोणत्या वेगाने वाढतो याला जास्त महत्त्व येतं. महागाई 5 टक्के असेल तर तुमची 5 टक्क्यांची पगारवाढ म्हणजे जागच्या जागी उभं राहणं आहे. आता समजा, नव्या जागी सर्वांत वाईट सुरुवात झाली, 107 वर, पण पुढे वर्षाला 9 टक्के वाढ मिळाली. दुसऱ्या पगारवाढीनंतर तुम्ही आजच्या वाटेच्या पुढे गेलेल्या असाल. दहा वर्षांनी आजच्या वाटेवर 183 आणि नव्या वाटेवर 253.

हे 9 टक्के मी कुठून आणले? ते गृहीत धरले आहेत. खरे ठरतील की नाही हे त्या कामातून तुम्ही काय शिकता यावर ठरेल. सगळा निर्णय या एका जागी अडकलेला आहे, म्हणून इथे थोडी थांबते.

पत्रात तुम्ही लिहिलंय की सहा वर्षं तोच मासिक अहवाल करता, फक्त नमुना बदलतो. दोनदा नवं काम मागितलंत, दोन्ही वेळा "पुढच्या वर्षी बघू" हे उत्तर मिळालं. पगारापेक्षा मला याची काळजी वाटली. माझ्याकडे एक गृहस्थ आले होते, अठ्ठेचाळीस वर्षांचे. वीस वर्षं एका जागी, अत्यंत प्रामाणिक माणूस. त्यांच्या कंपनीने स्वतःपुरती एक संगणक प्रणाली बनवली होती आणि त्यातली खाचखळगे त्यांच्याइतकी कुणालाच माहीत नव्हती. विभाग बंद झाला तेव्हा कळलं की बाहेर ती प्रणाली कुणी वापरतच नाही. त्यांची बचत चांगली होती, घर कर्जमुक्त होतं, तरीही पुढची दोन वर्षं त्यांनी ज्या पगारावर काढली तो पाहून मला वाईट वाटलं. बँकेतल्या रकमेची आपण काळजी घेतो, पण ती रक्कम ज्या कौशल्यातून येते त्याची बाजारात काय किंमत उरली आहे हे वर्षानुवर्षं तपासत नाही.

म्हणून कोणत्याही ऑफरला माझा एकच प्रश्न असतो: तीन वर्षांनी तुम्हाला असं काय येत असेल, जे आज येत नाही आणि ज्याचे पैसे तिसरी कंपनीही देईल? तुमच्या बाबतीत उत्तर स्पष्ट आहे. माणसं सांभाळणं आणि ग्राहकाशी थेट बोलून काम मिळवणं. दोन्ही कुठेही चालतात. हेच काम, हीच खुर्ची आणि फक्त 25 टक्के जास्त, असं असतं तर मी नाही म्हटलं असतं.

अमेरिकेतल्या तरुण पुरुष कामगारांच्या नोंदी तपासून रॉबर्ट टोपेल आणि मायकेल वॉर्ड यांनी 1992 मध्ये दाखवलं होतं की नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांत माणूस साधारण सात मालक बदलतो आणि त्या काळातल्या पगारवाढीचा किमान एक तृतीयांश भाग या बदलांतूनच येतो. ते आकडे विशीतल्या मुलांचे आहेत, तुमच्या वयाला जसेच्या तसे लावू नका. तुम्हाला जास्त लागू पडेल तो शिकागोचे अर्थतज्ज्ञ स्टीव्हन लेविट यांचा प्रयोग. नोकरी सोडू की नको अशा प्रश्नांत अडकलेल्या लोकांसाठी त्यांनी संकेतस्थळावर नाणेफेक ठेवली, वीस हजारांहून जास्त वेळा नाणं उडवलं गेलं. ज्यांनी बदल केला ते सहा महिन्यांनी, बदल न करणाऱ्यांपेक्षा जास्त समाधानी निघाले. लोक आपणहून आले होते, त्यामुळे ही सगळ्या जगाची गोष्ट नाही. पण दोन वर्षं तळ्यात-मळ्यात करणाऱ्या माणसाने ती लक्षात ठेवावी, कारण इतका काळ टिकलेली द्विधा बहुतेकदा उत्तर माहीत असल्याचीच खूण असते.

आता पाठबळ. पाच महिन्यांचा खर्च बाजूला आहे म्हणता, तो मी मोजला: 225. घरखर्च महिन्याला 45, म्हणून पाच महिने. पण त्यात कर्जाचा 30 चा हप्ता धरलेला नाही. पगार थांबला तरी हप्ता थांबत नाही. 75 ने भागलं तर तुमच्याकडे तीनच महिने आहेत. घर एका पगारावर चालतं आणि दुसरं उत्पन्न बेभरवशाचं आहे, तेव्हा सहा महिन्यांपेक्षा कमी चालणार नाही.

मात्र कर्ज आधीच फेडायला तुम्ही 250 जमवले आहेत. ते फेडू नका. व्याज वाचेल हे खरं, पण एकदा बँकेत भरलेले पैसे अडचणीच्या महिन्यात परत मागता येत नाहीत. दोन्ही मिळून 475, म्हणजे सहा महिने आणि वर थोडे. नव्या जागी वर्षभर स्थिरावलात की खुशाल फेडा.

तेव्हा माझं मत: जा. पण आजच्या अटींवर नाही. तुमचा वार्षिक बोनस दोन महिन्यांनी आहे. रुजू होण्याची तारीख त्यानंतरची मागा, किंवा तेवढी रक्कम रुजू होताना द्या म्हणा. अशी रक्कम मिळाली तर ठरावीक मुदतीआधी सोडल्यास ती परत करायची अट असते का, ते करारात वाचा. ते 15 पहिल्या वर्षापुरते निश्चित करून मागा. नाही म्हणाले तरी मागितल्याने ऑफर सहसा जात नाही. आणि तुमच्या जागेवर आधी कोण होतं, ते का गेलं, हे विचारा. शक्य असेल तर तिथून बाहेर पडलेल्या एखाद्या माणसाशी बोला. पगार वेळेवर होतात का हे त्याच्याइतकं खरं कुणी सांगणार नाही. ते होत नसतील तर वरचं सगळं विसरा आणि दुसरी ऑफर शोधा.

निवृत्तीसाठी साठलेली रक्कम नोकरी बदलताना काढू नका, नव्या खात्यात वर्ग करा. 8 टक्क्यांनी 24 वर्षांत ती सहापटीहून जास्त होते. पहिलं वर्ष घरखर्च आहे तिथेच ठेवा.

संध्याकाळचं काय, हे मात्र मला आकड्यांत मांडता येत नाही. आठवड्याचे ते दहा तास मुलीच्या वाट्यातून जाणार आहेत, आणि त्यांतले किती नवऱ्याला उचलता येतील हे होकार देण्यापूर्वी घरात बसून वारांसकट ठरवा. "बघू, होईल" यावर सोडू नका.

आणि एक काम याच आठवड्यात करा. वडिलांना मधुमेह आहे असं लिहिलंय. बऱ्याच पॉलिसींमध्ये आधीपासूनच्या आजारांसाठी काही काळ थांबावं लागतं. म्हणून त्यांच्या स्वतंत्र विम्याचा अर्ज आधी भरा, पॉलिसी हातात येऊ द्या, आणि मग राजीनामा लिहा.