समुद्रावर चित्रकला शिकवायला निघालेल्या विद्यार्थिनीस

छत्रपती संभाजीनगर,
कोजागरी पौर्णिमा

चि. विद्यार्थिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र परवा मिळाले आणि ते मी दोनदा वाचले. पत्राचा बहुतेक भाग जहाजावरील चित्रकलेच्या वर्गांविषयी आहे. परंतु अगदी शेवटी तू ओझरते लिहिले आहेस की, मुंबईतील एका एजंटाने नोकरीसाठी दोन लाख रुपये मागितले आहेत आणि वडील त्यासाठी एक एकर रान गहाण टाकण्याच्या विचारात आहेत. मी उत्तराची सुरुवात तेथूनच करतो. बाकीचे शिकायला वेळ आहे, हे मात्र आजच थांबले पाहिजे.

मेरीटाइम लेबर कन्व्हेन्शन, २००६ हा खलाशांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार आहे आणि भारताने तो २०१५ मध्ये स्वीकारला आहे. जहाजावर नोकरीला लागणाऱ्या माणसाकडून नोकरी मिळवून देण्याचे पैसे घेता येत नाहीत, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. पासपोर्ट, वैद्यकीय दाखला आणि सी.डी.सी. म्हणजे खलाशाचे नोंदपुस्तक, एवढाच खर्च आपला. भरती करणाऱ्या संस्थेकडे केंद्र सरकारच्या नौवहन महासंचालनालयाचा आर.पी.एस.एल., म्हणजे खलाशी-भरतीचा, परवाना असावा लागतो. त्या एजंटाला परवान्याचा क्रमांक विचार आणि तो महासंचालनालयाच्या यादीशी ताडून पाहा. क्रमांक देण्यास तो टाळाटाळ करू लागला, तर पुढे एक शब्दही बोलू नकोस. आपल्या भागात पाऊस दगा देतो तेव्हा बाहेरच्या नोकरीच्या आशेवर माणसे पैसे भरून बसतात, आणि रान एकदा सावकाराकडे गेले की ते परत येताना मी फार थोड्या वेळा पाहिले आहे. वडिलांना हे पत्र दाखव.

जहाजावर कलाशिक्षक म्हणून जाण्याच्या वाटा एकाहून अधिक आहेत, आणि त्यांतील फरक आधी समजून घ्यायला हवा. पहिली वाट पाहुण्या शिक्षकाची. एका सफरीपुरते जायचे, सागरी दिवसांना, म्हणजे जहाज बंदराला लागत नाही त्या दिवसांना, वर्ग घ्यायचे, त्याबदल्यात केबिन आणि जेवण मिळते. पगार बहुधा नसतो, विमानभाडे पुष्कळदा स्वतःचे असते आणि काही मध्यस्थ संस्था शिक्षकाकडूनच दिवसामागे शुल्क घेतात. हा शिक्षक खलाशी नसतो, म्हणून वर सांगितलेल्या कराराचे संरक्षण त्याला मिळतेच असे नाही. दुसरी वाट कर्मचारी म्हणून करार करण्याची. यात पगार असतो, कित्येक महिने जहाजावर राहावे लागते, केबिन बहुधा खालच्या डेकवर आणि वाटणीची असते. तिसरी वाट निवासी कलाकाराची. ओशियानिया क्रूझेस या कंपनीच्या २०११ मधील ‘मरीना’ आणि २०१२ मधील ‘रिव्हिएरा’ या जहाजांवर ‘आर्टिस्ट लॉफ्ट’ नावाचा स्वतंत्र स्टुडिओ आहे आणि तेथे निवासी कलाकार शिकवतात. परंतु अशा जागा जगभरात मोजक्याच. मी पहिल्या वाटेने गेलो, कारण माझे वय सत्तेचाळीस होते आणि घर चालवण्यापुरती शाळेची नोकरी केलेली होती. तुला घरी पैसे पाठवायचे आहेत, तेव्हा तुझ्यासाठी दुसरी वाट योग्य, असे माझे मत आहे.

कर्मचारी म्हणून जायचे तर एस.टी.सी.डब्ल्यू. या आंतरराष्ट्रीय नियमांखालील पायाभूत सुरक्षा प्रशिक्षण घ्यावे लागते. पाण्यात जीव कसा वाचवावा, आग कशी विझवावी, प्रथमोपचार कसे करावेत आणि जहाजावर स्वतःची व इतरांची काळजी कशी घ्यावी, हे त्यात शिकवतात. लाइफ जॅकेट घालून तलावात उडीही मारावी लागते. आपल्याकडच्या मुलींना विहिरीच्या काठाशीसुद्धा जाऊ देत नाहीत, हे मला ठाऊक आहे. म्हणून सांगतो, उन्हाळ्याची वाट न पाहता पोहणे शिकायला लाग.

आता शिकवण्याविषयी लिहितो. शाळेत मूल आपल्याजवळ पाच-सहा वर्षे असते. आठवीत त्याला चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसवतो, पुढे इंटरमिजिएटला, आणि आज स्थिरचित्रातला तांब्या वाकडा झाला तर पुढल्या आठवड्यात तो पुन्हा काढून घेतो. जहाजावर हा पुढचा आठवडा नसतो. साउथॅम्प्टनहून न्यूयॉर्कला जाणारी सात रात्रींची सफर घेतलीस तर मध्ये एकही बंदर लागत नाही आणि वर्ग रोज भरतो. परंतु इतर बहुतेक सफरींत एखाद-दोन दिवसांआड बंदर येते, त्या दिवशी सगळे प्रवासी किनाऱ्यावर उतरतात आणि परवाचा विद्यार्थी पुन्हा येईलच याची खात्री नसते. म्हणून प्रत्येक वर्ग स्वतःत पूर्ण असला पाहिजे. तासाभरापूर्वी जो माणूस ‘मला सरळ रेघसुद्धा येत नाही’ असे म्हणत आत आला, त्याच्या हातात जाताना पुरे झालेले आणि वाळलेले चित्र असले पाहिजे.

हे मला पहिल्याच सफरीत फार कठीण रीतीने समजले. अजिंठ्याच्या शेजारचा माणूस म्हणून मी मोठ्या उमेदीने पहिल्या लेण्यातील पद्मपाणी निवडला होता. चोवीस माणसे आली, बहुतेक साठीच्या पुढची. मुकुट, झुकलेली मान, हातातील कमळ, अर्धमिटले डोळे हे सारे मी फळ्यावर सहज काढत होतो आणि माझ्या पाठीमागे लोक हरत होते. चाळिसाव्या मिनिटापर्यंत सात जण उठून गेले. एका वृद्ध बाईंनी आपला कागद चार घड्या करून पर्समध्ये लपवला आणि माझे आभार मानले. ते आभार मला आजही टोचतात. मी त्यांना शिकवायला गेलोच नव्हतो, माझा अजिंठा दाखवायला गेलो होतो, आणि त्याची किंमत त्या बाईंनी मोजली होती.

त्या रात्री केबिनमध्ये बसून मी सर्व नव्याने आखले. चौरस मीटरला तीनशे ग्रॅम भरणारा जाड जलरंगाचा कागद पोस्टकार्डाएवढा, दहा बाय पंधरा सेंटिमीटर कापला, म्हणजे तो लवकर भरतो, लवकर वाळतो आणि सामानात मावतो. चारही बाजूंनी मास्किंग टेप लावून तो फळीवर चिकटवला. चित्र झाल्यावर टेप काढली की पांढरी चौकट उमटते आणि करणाऱ्याचा चेहरा उजळतो. रंग तीनच ठेवले आणि ब्रश एकच, दहा नंबरचा गोल. वयस्क हाताला कंप असतो, आणि बारीक ब्रश दिला तर तो कंप प्रत्येक रेषेत दिसतो. परंतु कागद आधी ओला करून त्यावर मोठ्या ब्रशाने ओला रंग सोडला की रंग आपोआप पसरतो आणि त्यात कंप विरून जातो. दुसऱ्या वर्गाला त्या बाई पुन्हा आल्या. त्या दिवशी आम्ही फक्त आकाश आणि पाणी केले. त्यांचे आकाश माझ्यापेक्षा चांगले झाले होते आणि मी तसे वर्गात सर्वांदेखत सांगितले.

काही गोष्टी आधी माहीत असलेल्या बऱ्या. पाण्याचे पेले अर्धेच भर, कारण जहाज डोलते आणि खोलीत बहुधा गालिचा असतो. तैलरंग व टर्पेंटाइन मनातूनही काढून टाक. जहाजावर आगीइतकी भीती कशाचीच नसते. कागद कापायची पाती नेण्यापूर्वी लेखी विचारून घे, किंवा कागद घरूनच कापून ने. अ‍ॅक्रिलिक शिकवायची वेळ आली तर ब्रश धुतलेले पाणी कुठे टाकायचे ते विचार, कारण अ‍ॅक्रिलिक वाळले की ते प्लास्टिकच असते आणि सागरी प्रदूषण रोखणाऱ्या मार्पोल या आंतरराष्ट्रीय कराराने समुद्रात प्लास्टिक टाकण्यास पूर्ण बंदी केली आहे. स्वतःची चित्रे प्रवाशांना विकू नकोस, करारात तशी परवानगी लिहिलेली असेल तरच ती विक.

एकदा तर माझी साहित्याची पेटीच बंदरात अडकली. जहाज सुटले, पुढचे तीन दिवस समुद्रच होता आणि वर्गाची वेळ दैनिक पत्रिकेत छापून झाली होती. स्वागतकक्षातून मला छपाईचे कोरे कागद आणि एक खोका बॉलपेन मिळाले. मी अजिंठ्याकडेच परत गेलो, पण या वेळी रेषेपुरता. तेथील चित्रकार आधी गेरूने आकृतीची रेषा काढत, मग रंग भरत आणि शेवटी गडद रेषेने आकार पुन्हा पक्का करत. रेषेवर एवढी भिस्त असलेली कला बॉलपेननेही शिकवता येते. दुसऱ्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचे एक जहाज रंगवलेले आहे. गोष्ट पूर्णाची आहे, शूर्पारकच्या म्हणजे आजच्या सोपाऱ्याच्या व्यापाऱ्याची, ज्याने वादळात सापडलेल्या आपल्या भावाच्या जहाजाला वाचवले. त्या जहाजावर रांजण ठेवलेले दिसतात. मी सर्वांना तेवढेच काढायला दिले: एक वक्र रेषा म्हणजे जहाजाचा तळ, तीन उभ्या रेषा म्हणजे डोलकाठ्या, आणि मग रांजण, ज्याला जितके जमतील तितके. रांजण कोणालाही येतो. त्या तासाला एकही माणूस उठून गेला नाही.

तुझ्या घरचे म्हणतात की, जिने समुद्र पाहिला नाही तिने जहाजावर काय शिकवायचे. त्यांना हे जहाज दाखव. पंधराशे वर्षांपूर्वी सह्याद्रीच्या अलीकडच्या एका दरीत कोणीतरी ते काढले आहे. पहिल्या शतकातील एका ग्रीक व्यापाऱ्याच्या ‘पेरिप्लस’ या वृत्तांतात पैठण आणि तगर, म्हणजे आपले तेर, यांची नावे आहेत; पैठणचे गोमेद आणि तगरचे कापड गाड्यांतून भडोचच्या बंदरात जात असे. आपला मुलूख समुद्रापासून दूर आहे, पण समुद्राशी त्याचे नाते जुने आहे, आणि प्रवाशांना ही गोष्ट ऐकायला फार आवडते. पैठणीच्या काठावरील मुनिया, म्हणजे ते लहानसे पोपट, हा तर हुकमी धडा आहे. एकच आकार पुन्हा पुन्हा काढायचा असल्याने चौथ्या पोपटापर्यंत हात आपसूक मोकळा होतो.

समुद्र मात्र निळा रंगवायला शिकवू नकोस. माझ्या वर्गातील एक निवृत्त भूमापक मला सांगत असत की, डोळ्यांची उंची मीटरमध्ये घेऊन तिच्या वर्गमुळाला ३.५७ ने गुणले की क्षितिज किती किलोमीटरवर आहे ते कळते. नाथसागराच्या काठी पाण्यालगत उभी राहिलीस तर ते साडेचार किलोमीटरवर असते. जहाजाच्या तीस मीटर उंच डेकवर ते साडेएकोणीस किलोमीटरवर जाते. या दोन क्षितिजांच्या मधल्या पाण्यात राखाडी, हिरवा, शिशासारखा, कधी कधी आपल्या काळ्या रानासारखाही रंग असतो. पहाटे वरच्या डेकवर जाऊन रोज एक लहान चित्र स्वतःसाठी करत जा. वर्ग घेऊन घेऊन हात सोप्या युक्त्यांवर सरावतो, आणि तो तसा सरावू लागला की चित्रकार हळूहळू आत कोमेजतो. हे मी माझ्याबाबतीत तिसऱ्या वर्षी ओळखले, म्हणून तुला आग्रहाने सांगतो.

इंग्रजीची तुला धास्ती आहे, ती मलाही होती. छोटी वाक्ये बोल, हळू बोल आणि प्रत्येक वाक्यासोबत हाताने करून दाखव. ओला कागद किती ओला असावा, हे सांगायला कोणत्याच भाषेत पुरेसे शब्द नाहीत; त्याला प्रकाशात तिरके धरून दाखवावे लागते. वर्गात बसलेल्या कित्येकांची मातृभाषाही इंग्रजी नसते, आणि अनेकांना नीट ऐकूही येत नसते. त्यांच्याकडे तोंड करून बोल, फळ्याकडे पाहून बोलू नकोस.

एकटेपणाविषयी थोडेच लिहितो. सण निघून जातील, भाकरी मिळणार नाही आणि आईचा आवाज तुटक ऐकू येईल. पश्चिमेकडे जाताना रात्रीमागून रात्री घड्याळ तासाने मागे घ्यावे लागते आणि घरी फोन करायची वेळ रोज सरकत जाते. धोक्याचा इशारा म्हणजे भोंग्याचे सात छोटे आवाज आणि एक लांब आवाज. तो ऐकू आला की ब्रश तेथेच टाकायचा आणि नेमून दिलेल्या जागी जायचे, हे मात्र पहिल्या दिवसापासून पक्के ठेव.

दिवाळीची सुट्टी लागली की दोन दिवस इकडे ये. आमच्या गल्लीतील बचत गटाच्या दहा-बारा बायका शनिवारी दुपारी अंगणात जमतात. त्यांतील बहुतेकींनी शाळा सुटल्यापासून हातात ब्रश धरलेला नाही आणि दोघींच्या हाताला कंप आहे. तू त्यांना एक तास शिकव. मी मागे बसून घड्याळ पाहीन आणि कोण कधी कंटाळले ते टिपून ठेवीन. येताना कागद पोस्टकार्डाच्या मापाने कापून आण; फळ्या, टेप आणि पेले माझ्याकडे आहेत.

तुझा शुभचिंतक,
सर