प्रश्न तुमचे : अहवालातलं ‘एचबीबी’

प्रश्न : हिमोग्लोबिन कमी म्हणून बरेच महिने लोहाच्या गोळ्या घेतल्या, पण काडीचाही फरक पडला नाही. आता जनुकचाचणीत ‘एचबीबी, आयव्हीएस १-५ (जी-सी), हेटेरोझायगस’ असं आलंय. थॅलेसेमिया मायनर आहे म्हणतात. हे एचबीबी काय असतं? आजार वाढत जाईल का? आम्हाला मूल हवं आहे.
– एक वाचक

उत्तर : थॅलेसेमिया मायनर, म्हणजे हिमोग्लोबिन बनवणाऱ्या जनुकाच्या दोनपैकी एकाच प्रतीत दोष असणं, वाढत जाणार नाही. जन्मापासून जेवढं आहे तेवढंच राहील. ही धास्ती आधी मनातून काढा.

एचबीबी हे ११व्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर, टोकाजवळ बसलेलं जनुक. आकाराने लहान, जेमतेम १,६०० बेसचं (बेस म्हणजे डीएनएची अक्षरं : ए, टी, जी, सी). त्यावरून बीटा ग्लोबिन ही १४६ अमायनो आम्लांची साखळी तयार होते. अशा दोन बीटा साखळ्या आणि १६व्या गुणसूत्रावरच्या जनुकांतून आलेल्या दोन अल्फा साखळ्या मिळून प्रौढ माणसाच्या हिमोग्लोबिनचा रेणू बनतो.

इतकी वर्षं हे अहवाल वाचतेय, तरी मला एका गोष्टीचं अजून नवल वाटतं. हे जनुक केंद्रक असलेल्या प्रत्येक पेशीत असतं, पण कामाला लागतं ते अस्थिमज्जेत घडत असलेल्या लाल पेशींतच. आणि लाल पेशी तयार होता होता केंद्रक बाहेर टाकते, म्हणजे रक्तात फिरणाऱ्या लाल पेशीत एचबीबी उरतच नाही! तुमच्या नमुन्यातला डीएनए मिळाला तो पांढऱ्या पेशींतून.

आता तुमचा बदल. या जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून आलेली; तुमच्या एका प्रतीत बदल आहे. या जनुकात कामाच्या मजकुराचे तीन भाग आहेत आणि मध्ये दोन भाग असे, जे संदेश तयार होताना कापून टाकले जातात (अहवालातलं ‘आयव्हीएस’ ते हेच). त्यातला पहिला १३० बेसचा. त्याच्या पाचव्या जागी ‘जी’ हवा, तिथे तुमच्याकडे ‘सी’ आहे. एवढ्याने कापायची खूण पुसट होते, संदेश भलत्याच ठिकाणी कापला जातो आणि त्या प्रतीतून बीटा साखळी फारच थोडी बनते. तुमची दुसरी प्रत धडधाकट आहे. ‘हेटेरोझायगस’चा अर्थ तोच. तिच्या जोरावर तुमचं व्यवस्थित चाललं आहे.

बीटा कमी म्हणून लाल पेशी लहान राहतात, एमसीव्ही (लाल पेशींचं सरासरी आकारमान) खाली येतो. लोह कमी पडलं तरी असंच दिसतं, म्हणून नुसत्या सीबीसीवर (रक्तपेशींच्या मोजणीवर) गोळ्या सुरू करणं मला अजिबात पटत नाही. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन, तपासा. ते खरोखर कमी असेल तरच लोह घ्या. जादा लोह बाहेर टाकायची सोय शरीराकडे नाही.

मुलाचा विचार करण्याआधी जोडीदाराची सीबीसी आणि हिमोग्लोबिन ए-टूची (रक्तात थोड्या प्रमाणात असणाऱ्या हिमोग्लोबिनच्या एका प्रकाराची) तपासणी करून घ्या. ए-टू ३.५ टक्क्यांच्या वर असेल तर थॅलेसेमिया मायनरचा दाट संशय घ्यावा. त्याच तपासणीत सिकल किंवा हिमोग्लोबिन ई (हिमोग्लोबिनचे बदललेले प्रकार) आहे का, हेही पाहायला सांगा. तेही याच जनुकातले बदल. जोडीदाराच्या या जनुकाच्या दोन्ही प्रती निर्दोष असतील तर बाळाला फार तर मायनर होईल. दोघंही मायनर असाल तर प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता थॅलेसेमिया मेजरची, म्हणजे दोन्ही प्रती सदोष असलेल्या गंभीर आजाराची. असं बाळ जन्मतः ठणठणीत दिसतं, कारण तेव्हा गॅमा ग्लोबिन (गर्भात बीटाऐवजी बनणारी साखळी) काम सांभाळत असतं. बीटाची पाळी येते तसा काही महिन्यांत आजार उघड होतो. म्हणून तपासणी आधीच हवी. दोघंही मायनर निघालात तर गर्भधारणेपूर्वीच जनुक-समुपदेशकाला भेटा. गर्भाची चाचणी ११व्या आठवड्यापासून करता येते.

तुमच्या सख्ख्या भावंडांनाही हा अहवाल दाखवा. त्यांच्यातही हा बदल असण्याची शक्यता निदान निम्मी आहे.