लॅपटॉपवर पास, बोर्डावर नापास : वाचकांचे प्रश्न

प्रश्न (पुणे) : आमची भूमिती आणि सांख्यिकीची सी लायब्ररी लॅपटॉपवर सगळ्या टेस्ट पास करते. व्हिजनफाइव्ह २ या रिस्क-फाइव्ह बोर्डावर त्याच आवृत्तीच्या जीसीसी कंपाइलरने कंपाइल केली की तीन टेस्ट पडतात. दोनमध्ये फरक सोळाव्या अंकात आहे, तिसरीत वर्गमुळातून थेट ‘नॅन’ (‘ही संख्या नाही’ अशी खूण) येतो. बोर्डाचं फ्लोटिंग पॉइंट युनिट खराब असेल का?

उत्तर : बोर्ड ठीक आहे. संशय घ्यायचा तो एफएमएवर, म्हणजे गुणाकार आणि बेरीज एकत्र करणाऱ्या इन्स्ट्रक्शनवर. तुमच्या बोर्डावरच्या यू७४ कोअरमध्ये, ६४ बिटी आर्ममध्ये, पॉवरमध्ये आणि आयबीएमच्या झेड यंत्रांत एफएमए मूळ इन्स्ट्रक्शन-संचातच आहे. एक्स८६-६४ च्या मूळ संचात ते नाही. इंटेलमध्ये ते २०१३ च्या हॅसवेलपासून आलं आणि मुद्दाम सांगितल्याशिवाय जीसीसी ते वापरत नाही. उलट जिथे ते हमखास आहे, तिथे जीसीसी न विचारता ‘अ × ब + क’चं एकच इन्स्ट्रक्शन करतो. त्यात गुणाकार मधेच राउंड होत नाही, राउंडिंग शेवटी एकदाच होतं. उत्तर बहुतेक वेळा अधिक अचूक येतं, पण वेगळं येतं.

नॅन कसा येतो ते पाहा. कोडमध्ये क्ष² − य² चं वर्गमूळ आहे आणि दोन्हींची किंमत ०.१ आहे असं धरा. डबलमध्ये, म्हणजे ६४ बिटी फ्लोटिंग पॉइंट प्रकारात, ०.१ × ०.१ राउंड होऊन ०.०१०००००००००००००००२ होतात. दोन्ही गुणाकार असेच राउंड झाले तर वजाबाकी नेमकी शून्य. एफएमएमध्ये मात्र एक गुणाकार राउंड झालेला आणि दुसरा न झालेला असतो, त्यामुळे वजाबाकी सुमारे उणे ८.३ गुणिले १० चा उणे १९ वा घात इतकी येते. उणे संख्येचं वर्गमूळ म्हणजे नॅन. कंपाइलरने दुसरा गुणाकार एफएमएत ओढला तर तीच संख्या धन येते आणि टेस्ट पास होते. म्हणून जीसीसीची आवृत्ती बदलल्यावर बग गेल्यासारखा वाटतो, पण तो तिथेच असतो.

खात्रीसाठी सगळा कोड ‘-एफएफपी-कॉन्ट्रॅक्ट=ऑफ’ हा एकच फ्लॅग वाढवून पुन्हा कंपाइल करा. बाकी काही बदलू नका, ऑप्टिमायझेशनची पातळीसुद्धा नाही. ती शून्यावर आणून टेस्ट पास झाली, तर नेमकं कशामुळे झाली ते कळत नाही. या फ्लॅगने टेस्ट पास झाल्या की तो निम्म्या फाइलींवर ठेवा, निम्म्यांवरून काढा आणि असंच निम्मं-निम्मं करत जा. शंभर फाइली असल्या तरी सात फेऱ्यांत दोषी फाइल हाती लागते. मग ऑब्जडम्पने तिचा मशीन कोड काढून एफएमसब आणि एफएनएमसब ही वजाबाकीची एफएमए इन्स्ट्रक्शन्स शोधा. वजाबाकीच्या ओळी आधी बघा, सारख्या चिन्हांच्या बेरजेतला एफएमए सहसा त्रास देत नाही.

आणखी एक गोष्ट फार कमी जण करून बघतात. लॅपटॉपवरच ‘-मार्च=हॅसवेल’ देऊन कंपाइल करा. तिथेही टेस्ट पडल्या तर पुढचं सगळं डिबगिंग घरच्या मशीनवर, नेहमीच्या साधनांनी होतं.

दुरुस्ती शक्यतो सूत्रात करा. क्ष² − य² ऐवजी (क्ष − य)(क्ष + य) लिहा. व्हेरियन्ससाठी ‘वर्गांची सरासरी वजा सरासरीचा वर्ग’ हे सूत्र टाकून द्या आणि वेलफर्डची पद्धत (प्रत्येक नव्या संख्येबरोबर सरासरी सुधारत जाणारी) घ्या. कॉम्प्लेक्स संख्येला तिच्या संयुग्मीने गुणल्यावर काल्पनिक भाग नेमका शून्य येईल असं टेस्टने धरलं असेल, तर एफएमए असताना ते खरं ठरेलच असं नाही; ती टेस्ट बदला. सूत्र बदलता येत नसेल तिथे फक्त त्या फाइलीला फ्लॅग लावा. सगळ्या लायब्ररीवर तो लादला तर मॅट्रिक्स गुणाकाराचा वेग खाली येतो. वर्गमुळाआधी ‘शून्याहून कमी असेल तर शून्य धर’ अशी ओळ घालायची असेल, तर ती उणे संख्या राउंडिंगच्या आकाराची आहे ना, हे तिथेच तपासा. नाहीतर खरी चूकही त्या ओळीखाली दडते.

प्रश्न (नाशिक) : टॉलरन्स, म्हणजे चालवून घ्यायचा फरक, दहापट केला की टेस्ट पास होते. तेवढं पुरे नाही का?

उत्तर : कारण कळल्यावर पुरे, त्याआधी नाही. फरकाचा आकारच बरंच सांगतो. हजार धन संख्यांच्या साध्या बेरजेत डबलची सापेक्ष त्रुटी जास्तीत जास्त सुमारे १.१ गुणिले १० चा उणे १३ वा घात असते. व्हेक्टरची रुंदी, म्हणजे एका वेळी किती संख्या हाताळल्या जातात ते, बदलली की बेरजेचा क्रम बदलतो, म्हणून या मर्यादेतला फरक निर्दोष धरा. फरक १० च्या उणे ८ व्या घाताच्या आसपास दिसला, तर वाटेत कुठेतरी संख्या डबलऐवजी ३२ बिटी फ्लोटमधून गेली आहे असं समजून शोधायला लागा. पहिल्याच अंकात फरक असेल तर तो राउंडिंगचा नाहीच.

अपेक्षित उत्तर शून्य असेल तिथे सापेक्ष टॉलरन्स कितीही वाढवून उपयोग नाही. पायथनच्या नमपाय लायब्ररीतल्या असर्ट-ऑलक्लोज या तपासणीत निरपेक्ष टॉलरन्स मुळात शून्य असतो, तो तुम्हालाच द्यावा लागतो. आकडा मनाने ठरवू नका, गणितात येणाऱ्या सर्वांत मोठ्या मधल्या संख्येवरून काढा.

प्रश्न (बंगळुरू) : बनाना पाय एफ३ या रिस्क-फाइव्ह बोर्डावर ओपनब्लास ही मॅट्रिक्स गणिताची लायब्ररी जोडून आमचा सॉल्व्हर चालवतो. डॉट प्रॉडक्टसाठी रिस्क-फाइव्हच्या व्हेक्टर इन्स्ट्रिन्सिक्समध्ये (थेट मशीन इन्स्ट्रक्शनला जोडलेल्या फंक्शनांत) लिहिलेलं स्वतःचं फंक्शनही आहे. काही टेस्टमध्ये आकडे साफ चुकतात, काही कधी पास तर कधी नापास. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : आधी ‘कधी पास, कधी नापास’ आणि ‘नेहमी नापास’ या टेस्ट वेगळ्या काढा. त्यांची कारणं बहुधा वेगळी निघतात.

ओपनब्लास-नम-थ्रेड्स हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ करून सगळं पुन्हा चालवा. डळमळणाऱ्या टेस्ट स्थिर झाल्या तर गोंधळ थ्रेडमध्ये आहे. एक्स८६ वर एका थ्रेडने लिहिलेल्या गोष्टी दुसऱ्याला त्याच क्रमाने दिसतात. आर्म आणि रिस्क-फाइव्हवर तशी हमी नाही. आधी डेटा लिहिला आणि मग साध्या किंवा व्होलाटाइल व्हेरिएबलमध्ये ‘तयार आहे’ अशी खूण केली, तर दुसऱ्या थ्रेडला खूण आधी आणि डेटा नंतर दिसू शकतो. खूण ॲटॉमिक करा, लिहिताना रिलीज आणि वाचताना अक्वायर हे क्रम राखणारे पर्याय वापरा.

नेहमी पडणाऱ्या टेस्टसाठी ब्लास बदलून बघा. डेबियनवर अपडेट-अल्टरनेटिव्ह्जने मूळ नेटलिब ब्लास निवडता येतो. तो हळू आहे, पण साधा आहे. चूक तिथेही राहिली तर ती तुमच्या कोडमध्ये आहे. ती गेली तरी तुमचा कोड लगेच निर्दोष ठरत नाही. गुणाकारात बीटा (जुन्या उत्तराचा गुणक) शून्य असेल, तर ब्लासच्या नियमाप्रमाणे उत्तराच्या मॅट्रिक्समधला जुना मजकूर वाचायचाच नसतो. एखाद्या कर्नलने (लायब्ररीतल्या गणिताच्या गाभ्यातल्या फंक्शनने) तो वाचून शून्याने गुणला आणि तिथे नॅन पडलेला असला तर उत्तरही नॅन येतं. म्हणून उत्तराची जागा मुद्दाम नॅनने भरून टेस्ट करा.

आता तुमचं डॉट प्रॉडक्ट. १ ते ३३ पर्यंतच्या प्रत्येक लांबीसाठी ते तपासा. या बोर्डावरचं व्हेक्टर रजिस्टर २५६ बिटांचं आहे, एका वेळी चार डबल मावतात. १, २, ३, ४, ८, १२, १६ बरोबर आणि ५, ६, ७, ९ चूक असं दिसलं तर चूक शेपटीत, म्हणजे शेवटच्या अर्धवट भरलेल्या फेरीत, आहे. लांबी ६ असेल तर पहिल्या फेरीत चार घटक आणि दुसरीत दोनच. ‘टेल अग्नॉस्टिक’ इन्स्ट्रिन्सिक वापरलं असेल, तर उरलेल्या दोन जागांतली आधीची बेरीज जपण्याचं बंधन प्रोसेसरवर नाही. तो तिथे सगळे बिट १ करू शकतो आणि सगळे बिट १ असलेला डबल म्हणजे नॅन. दुसरा एखादा प्रोसेसर त्या जागा तशाच ठेवतो आणि कोड बरोबर असल्यासारखा भासतो. बेरीज साठवणाऱ्या रजिस्टरसाठी ‘टेल अनडिस्टर्ब्ड’, म्हणजे नावाच्या शेवटी ‘टीयू’ असलेलं रूप वापरा. क्यूएमूमध्ये (दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) शेपटीचे सगळे बिट १ करणारा पर्यायही आहे, तो लावून ही चूक हमखास पकडता येते.

जुन्या सी९१० कोअरच्या बोर्डांवर व्हेक्टर संच ०.७.१ आवृत्तीचा आहे. १.० साठी कंपाइल केलेला कोड तिथे चालत नाही, त्यामुळे बायनरी एका बोर्डावरून दुसऱ्यावर नेऊ नका.

प्रश्न (ठाणे) : पॉवर९ प्रोसेसरवर आमचा लाँग डबलचा (सहसा डबलहून मोठ्या संख्याप्रकाराचा) लूप संपतच नाही, टेस्ट टाइमआउट होते. एक्स८६ वर तो ताबडतोब संपतो.

उत्तर : लूप थांबवायला एलडीबीएल-एप्सिलॉन (१ आणि त्यापुढची लाँग डबल संख्या यांतलं अंतर) वापरला असणार. एक्स८६ वर लाँग डबलमध्ये मँटिसाचे (संख्येतल्या अंकांच्या भागाचे) ६४ बिट असतात आणि एप्सिलॉन १.०८ गुणिले १० चा उणे १९ वा घात. ६४ बिटी आर्म लिनक्स, रिस्क-फाइव्ह लिनक्स आणि झेडवर ११३ बिट. ॲपलच्या आर्म मशीनवर लाँग डबल म्हणजे साधा डबल, ५३ बिट. पॉवरवर मात्र परंपरेने दोन डबल जोडून एक लाँग डबल होतो. अचूकता साधारण १०६ बिटांची, पण दुसरा डबल कितीही लहान असू शकतो, म्हणून एप्सिलॉनची व्याख्येनुसार किंमत २ चा उणे १०७४ वा घात निघते. तितकी लहान सापेक्ष त्रुटी गाठणं लूपला शक्यच नाही. स्वतःची मर्यादा ठेवा, उदाहरणार्थ २ चा उणे १०० वा घात, आणि फेऱ्यांची कमाल संख्याही घाला. फेडोराने ३६ व्या आवृत्तीपासून पॉवरवर १२८ बिटी आयट्रिपलई लाँग डबल घेतला आहे. तिथे वागणूक बदलते, पण जोडलेल्या सगळ्या लायब्रऱ्या त्याच प्रकाराने बांधलेल्या हव्यात.

आर्म आणि रिस्क-फाइव्हवर हे ११३ बिटी गणित सॉफ्टवेअरमध्ये होतं. तिथला टाइमआउट नुसत्या संथपणानेही होऊ शकतो.

प्रश्न (कोल्हापूर) : रास्पबेरी पायवर हिस्टोग्रामच्या पहिल्या खान्यात जास्त नोंदी येतात. डेटा तोच आहे.

उत्तर : डेटात नॅन आहेत. नॅन इंटिजरमध्ये बदलला तर काय यावं हे सी भाषा ठरवत नाही. ३२ बिटी इंटिजरसाठी एक्स८६ वर −२१४७४८३६४८ येतो, आर्मवर ०, रिस्क-फाइव्हवर २१४७४८३६४७. तुमचा कोड उणे खाना वगळतो, म्हणून लॅपटॉपवर नॅन योगायोगाने गाळले जात होते. बदलण्याआधी, संख्या डबल असतानाच ती मर्यादेत आहे का ते तपासा. असे प्रसंग लॅपटॉपवर पकडायला जीसीसीमध्ये ‘फ्लोट-कास्ट-ओव्हरफ्लो’ सॅनिटायझर (कोड चालताना चुका पकडणारा पर्याय) वेगळा मागावा लागतो, त्याच्या नेहमीच्या ‘अनडिफाइंड’ सॅनिटायझरमध्ये तो येत नाही.

प्रश्न (पणजी) : एस३९०एक्स (आयबीएमच्या झेड यंत्रा) वर १.० च्या जागी ३.०३८६५ गुणिले १० चा उणे ३१९ वा घात येतो.

उत्तर : ही उलटलेल्या बाइट्सची खूण आहे. १.० चे आठ बाइट उलट क्रमाने वाचले की नेमका हाच आकडा येतो. टेस्टची बायनरी फाइल लिटल-एंडियन (लहान वजनाचा बाइट आधी) यंत्रावर लिहिलेली आहे आणि एस३९०एक्स बिग-एंडियन (मोठ्या वजनाचा आधी) आहे. फाइल वाचताना बाइटक्रम स्पष्ट सांगा, नमपायमध्ये डीटाइपच्या (संख्याप्रकाराच्या नावाच्या) आधी ‘<’ लावा.

प्रश्न (नागपूर) : यातलं कुठलंच हार्डवेअर आमच्याकडे नाही. क्यूएमूवर भागेल का?

उत्तर : एफएमए, लाँग डबल, बाइटक्रम, नॅनचं रूपांतर हे सगळं क्यूएमूवर नीट दिसतं. व्हेक्टरची लांबी १२८, २५६, ५१२ अशी बदलूनही तपासता येते, जे एका बोर्डावर जमत नाही. थ्रेडमधल्या क्रमाच्या चुका मात्र एक्स८६ वर चालणाऱ्या क्यूएमूत सहसा दिसत नाहीत, आणि वेगाचा अंदाज तर मुळीच येत नाही. त्यासाठी खरं यंत्र हवं. मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना जीसीसी कंपाइल फार्मवर आर्म, पॉवर, रिस्क-फाइव्ह अशा यंत्रांवर एसएसएचने विनामूल्य खातं मिळतं. अर्जात प्रकल्पाचं नाव, परवाना आणि कोणत्या यंत्रावर काय तपासायचं आहे ते लिहा.