चवथीचा देखावा, फेरिक क्लोराइड आणि माडाचे आळे

प्रश्न : चवथीच्या देखाव्यासाठी पळत्या दिव्यांचे सर्किट घरीच करतोय. मार्करने सर्किट आखलेला तांब्याचा बोर्ड, उघडे तांबे विरघळावे म्हणून, फेरिक क्लोराइडमध्ये टाकायचा आहे. आई म्हणते, हे विष घरात नको. न्हाणीघरात केले तर? उरलेले पाणी माडाच्या आळ्यात ओतले तर काय बिघडेल? सुपारीवर मोरचूद, म्हणजे तांब्याचाच क्षार, मारतातच ना?
– बारावीचा विद्यार्थी, फोंडा

उत्तर : आईचे ऐक, न्हाणीघर नकोच. लादीवरचा डाग जात नाही आणि नळही खराब होतात. पडवीत बस, वारा खेळता असू दे. आइस्क्रीमचा प्लास्टिकचा डबा घे. स्टील हे द्रावण खाते, ॲल्युमिनियम तर फसफसून तापते. रबरी हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच. भुकटी असेल तर आधी पाणी, मग त्यात थोडी थोडी भुकटी. उलटे केलेस तर उसळून अंगावर येईल. पुडी उघडी ठेवू नकोस, पावसाळी हवेत तिचा चिखल होतो.

डबा कोमट पाण्याच्या टबात ठेवून हलवत राहा. उघडे तांबे आधी मळकट गुलाबी दिसते, मग कडेकडेने विरते आणि खालचा पिवळट बोर्ड डोकावतो. शेवटचा ठिपका गेला की लगेच काढ, नाहीतर मार्करच्या रेघेखालचे तांबेही पोखरले जाते.

आता माड. मोरचुदाचा दाखला हुशारीचा, पण बागायतदार त्यात चुना घालतो तो उगाच? शंभर लिटर पाण्याला किलोभर मोरचूद, किलोभर चुना, आणि ते अख्ख्या बागेवर पांगते. तुझे पाणी आम्लधर्मी, तांब्याने भरलेले आणि एकाच आळ्यात. जांभ्यातून ते विहिरीकडे झिरपेल. संडासाच्या टाकीतही नको, तिथले जिवाणू मरतात.

मुळात फेकायची घाई कशाला? काम अगदीच मंदावेपर्यंत तेच द्रावण पुढच्या बोर्डांना चालते. प्लास्टिकच्या झाकणाच्या बाटलीत ठेव, वर ठळक नाव लिही. शीतपेयाची बाटली मात्र नको. रंग तसाच दिसतो आणि चवथीला घरभर पाहुण्यांची पोरे असतात.

अगदीच निकामी झाले की प्लास्टिकच्या बादलीत कालवलेला चुना थोडा थोडा घाल, निळा लिटमस तांबडा व्हायचा थांबेपर्यंत. तांबे नि लोखंड गाळ होऊन खाली बसते. तो गाळ बाटलीबंद करून पंचायतीच्या कचरा गाडीवर वेगळा, सांगून दे.

आणि हो, संडास साफ करायच्या ॲसिडात पेरॉक्साइड घालून बोर्ड झटपट होतो, असे कुणी सांगेल. त्याच्या नादी लागू नकोस. त्यातून सुटणारा क्लोरीन पडवीतही सोसवत नाही.