'परवा' म्हणजे अधिक दोन की वजा दोन?

प्रश्न असा आहे: एका दवाखान्याच्या संकेतस्थळावर पेशंटला मराठीत लिहून वेळ ठरवता यावी, अशी सोय करायची आहे. 'परवा', 'पुढच्या शुक्रवारी', 'आठ दिवसांनी' असं काही लिहिलं की तारीख निघायला हवी. पीएचपी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतलं 'स्ट्रटूटाइम' (लिहिलेल्या शब्दांवरून तारीख काढणारं फंक्शन) हे काम करतं, पण इंग्रजी शब्दांसाठीच. म्हणून प्रश्नकर्त्यांनी मराठी शब्दासमोर इंग्रजी शब्द असा तक्ता केला, आणि 'परवा'च्या ओळीवर गाडी अडली.

समजा आज बुधवार, १५ ऑक्टोबर २०२५. परवा म्हणजे सोमवार १३ की शुक्रवार १७? दोन्ही. संस्कृतातला 'परश्वः' फक्त उद्याच्या पलीकडचा दिवस. मराठीने तोच शब्द कालच्या आधीच्या दिवसालाही वापरायला घेतला. हिंदीत 'कल'सुद्धा दुतोंडी आहे. आपण निदान काल आणि उद्या वेगळे ठेवले आणि मग परवापाशी हात टेकले. 'तेरवा'ची तीच कथा.

क्रियापदाचा काळ बघा, असं कुणीही सुचवेल. 'परवा आलो होतो' मागचा, 'परवा येईन' पुढचा. पण 'परवा आलो की रिपोर्ट दाखवतो' या वाक्याचं काय करणार? 'आलो' हे रूप भूतकाळाचं, येणं मात्र शुक्रवारचं. ('हा निघालोच!' म्हणणारा माणूस अजून चपला शोधत असतो, हे आपल्याला माहीत आहे, प्रोग्रॅमला नाही.) 'परवापासून ताप आहे' यात क्रियापद वर्तमानकाळी, परवा मागचा. आणि 'परवापासून मी गावाला आहे' हे तर समोरच्या माणसालाही विचारून घ्यावं लागतं. त्यात 'परवाच तर दाखवून गेलो' म्हणणारा दहा दिवसांपूर्वी येऊन गेलेला असू शकतो. शिवाय फारसीतून आलेली 'पर्वा' बरेच जण 'परवा' अशीच लिहितात. 'खर्चाची परवा नाही' यावरून कुणाला शुक्रवारची वेळ मिळू नये.

तेव्हा हा निकाल शब्दाच्या पोटात शोधू नका, तो चौकटीवरून लावा. वेळ मागायच्या चौकटीत परवा म्हणजे अधिक दोन, कारण मागच्या तारखेची वेळ कुणी मागत नाही. 'त्रास कधीपासून?' या चौकटीत वजा दोन. आणि दोन्हीकडे लगेच 'शुक्रवार, १७ ऑक्टोबर, बरोबर?' किंवा 'सोमवार, १३ ऑक्टोबर, बरोबर?' असं विचारून घ्या.

'पुढचा' समोर तुम्ही 'नेक्स्ट' लिहिलंय, ते आधी खोडा. स्ट्रटूटाइमला बुधवारी 'नेक्स्ट फ्रायडे' दिलं तर आजनंतरचा पहिला शुक्रवार मिळतो, म्हणजे १७ तारीख. त्याला मराठीत 'येत्या शुक्रवारी' म्हणतात. 'पुढच्या शुक्रवारी' म्हटलं की माझ्या कानाला २४ तारीख ऐकू येते. गंमत अशी की त्याच बुधवारी 'पुढच्या सोमवारी' म्हटलं तर पाचच दिवसांवरचा २० तारखेचा सोमवार. म्हणजे इथे 'पुढचा' हे विशेषण वाराला लागत नाही, न उच्चारलेल्या आठवड्याला लागतं. म्हणून समोर 'फ्रायडे नेक्स्ट वीक' लिहा. रविवारी मात्र भांडण होणारच, कारण आठवडा रविवारी सुरू होतो की संपतो यावर एका घरातही एकमत नसतं.

आता माझा आवडता भाग. आमचा शिंपी बुधवारी कापड घेतो आणि 'आठ दिवसांनी या' म्हणतो. मी बुधवारीच जातो. त्याच्या दुकानात आजवर कुणी आठ मोजून गुरुवारी उगवल्याचं ऐकलं नाही. (कपडे तयार नसतात, तो वेगळा विषय.) आजचा दिवस धरून मोजायची ही रीत आहे: बुधवार ते बुधवार, दोन्ही टोकं धरून आठ. 'आठवडा' या शब्दातच आठ बसलेत, दिवस मात्र सात. 'पंधरा दिवसांनी' हेही दोन आठवडेच. फ्रेंच लोकही आठवड्याला आठ दिवस आणि दोन आठवड्यांना पंधरा दिवस म्हणतात. इंग्रजांचा 'फोर्टनाइट' मात्र चौदा रात्रींचा, आणि स्ट्रटूटाइमला तो शब्द कळतोसुद्धा. तेव्हा आठ दिवसांनी म्हणजे अधिक सात, पंधरा दिवसांनी म्हणजे अधिक चौदा. पाच, दहा, बारा दिवस जसेच्या तसे मोजा. ही सूट आठ आणि पंधराच्या बोलण्यापुरतीच आहे. गोळ्या मोजताना तिचा उपयोग करू नका!

'महिन्याने' साठी एकच इशारा. ३१ जानेवारीला 'प्लस वन मंथ' दिलं तर पीएचपी ३१ फेब्रुवारी धरतं आणि जास्तीचे दिवस मार्चमध्ये ढकलतं. साध्या वर्षात ३ मार्च, लीप वर्षात २ मार्च. महिन्याने बोलावलेला पेशंट मार्चमध्ये येऊ नये असं वाटत असेल, तर महिनाअखेर वेगळी हाताळा.

तक्त्यात खरी उणीव दिसली ती प्रत्ययांची. तुम्ही 'दीड', 'अडीच', 'पाऊण' असे सुटे शब्द घातलेत. पण 'दीडला' म्हणजे दुपारचा दीड, आणि 'दीड तासाने' म्हणजे आत्तापासून नव्वद मिनिटं. 'आठ दिवसांनी' ही एक तारीख, 'आठ दिवसांत' ही मुदत, 'आठ तारखेला' हे तिसरंच काही. आकडा तोच, अर्थ शेपटीत. म्हणून वाक्य उजवीकडून वाचायला घ्या: आधी -ला, -ने, -त, -पासून, -पूर्वी पकडा, मग आकडा. 'साडे'ची ओळ तीनपासून पुढे चालू द्या, कारण साडेएक आणि साडेदोन कुणी म्हणत नाही. 'सव्वाला' म्हणजे सव्वा वाजता, १:१५. पुढे आकडा नाही म्हणून चूक दाखवू नका. आणि 'पाऊणला' लिहिलं असेल तर ४५ मिनिटं मोजू नका, ते १२:४५ आहे.