नेव्ही ब्लू सूटवर काळे बूट घ्यावेत की ब्राऊन? सध्या एकच जोड परवडणार आहे

काळे घ्या.

तुम्ही लिहिलंय की निपाणीला चुलतभावाचं लग्न आहे, सूट शिवून झालाय आणि हेच बूट पुढे बँकेच्या मुलाखतीलाही घालायचे आहेत. नुसतं लग्न असतं तर मी बेधडक कॉफी ब्राऊन सांगितला असता. नेव्हीवर तो काळ्यापेक्षा जास्त खुलतो, हे खरंच. पण मुलाखतीला तुम्ही बहुतेक काळी नाहीतर गडद राखाडी पँट घालाल, आणि काळ्या पँटखाली ब्राऊन बूट काही केल्या शोभत नाहीत. काळे बूट मात्र या तिन्ही रंगांखाली निमूट बसतात.

कामाच्या ठिकाणी ब्राऊन नको, हा मूळचा इंग्रजांचा दंडक. शहरात धंद्याला जाताना काळे, गावाकडे फिरायला ब्राऊन, अशी त्यांची वाटणी असायची. ती अजून पुरती गेलेली नाही. ब्रिटनच्या सोशल मोबिलिटी कमिशन या सरकारी आयोगाच्या २०१६ च्या अहवालात आलं होतं की तिथल्या इन्व्हेस्टमेंट बँकिंगमधल्या काही वरिष्ठांना सूटवर ब्राऊन बूट घातलेला उमेदवार खटकतो. आपल्याकडे कुणी त्यावरून गुण कापणार नाही. तरी पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत बुटांकडे कुणाचं लक्षच जाऊ नये, तेच बरं.

आता रंगाचं. पुष्कळ जण विचारतात, निळ्यावर कोणता रंग, राखाडीवर कोणता. मी आधी रंग बघतच नाही, गडदपणा बघतो. बूट पँटइतके गडद हवेत, किंवा तिच्याहून गडद. हल्ली रिसेप्शनच्या स्टेजवर नेव्ही सूट आणि खाली पिवळट टॅन बूट ही जोडी फार दिसते. फोटोत चेहऱ्याआधी पाय दिसतात! टॅन वाईट नाही, पण त्याची जागा फिकट राखाडी, बेज किंवा उजळ निळ्या सूटखाली, तेही दिवसाच्या कार्यक्रमाला. ब्राऊन सूट असेल तर त्याच्याहून गडद ब्राऊन घ्यावा. काळा तिथे रुक्ष दिसतो. आणि दुकानदार ज्याला ‘चेरी’ म्हणतात तो गडद लालसर रंग आपल्याकडे उगाच मागे पडलाय. नेव्हीवर सुंदर दिसतो, राखाडीवरही. पुढे कधी दुसरा जोड घ्याल तेव्हा कॉफी ब्राऊन आणि चेरी, दोन्ही पायात घालून बघा.

बेळगावात गणपत गल्लीत किंवा खडे बाजारात खरेदीला जाताना शिंप्याकडून सूटच्या कापडाचा उरलेला तुकडा मागून घ्या. दुकानातल्या दिव्यांखाली नेव्ही काळा वाटतो आणि काळपट ब्राऊनही काळाच वाटतो. बूट आणि तुकडा घेऊन दारात या, उजेडात बघा. दुकानदार ‘अहो एकदम मॅचिंग आहे की’ म्हणेल, म्हणू दे.

चकाकणारे पेटंट लेदर टाळा, टोकदार चोचीचेही टाळा. साधे, बंदांचे, गोलसर टोकाचे डर्बी घ्या, म्हणजे बंद ओवायची दोन्ही पानं वरून मोकळी असलेले. ऑक्सफर्ड हा दुसरा प्रकार जास्त फॉर्मल असतो, पण त्याच्या बंदाखालची दोन्ही पानं आतून शिवलेली असल्याने तो फारसा सैल होत नाही. तुम्ही नवरदेवाच्या घरचे. मांडवात चढताना बूट काढावे लागणार, पुन्हा पाहुण्यांना आणायला घालावे लागणार. त्यात रुंद पावलाच्या माणसाला डर्बीच सोयीचा. याच कारणाने मोज्यांकडेही बघा: अक्षतांच्या वेळी तुमचे बूट नाही, मोजेच सगळ्यांना दिसणार आहेत. मोजे पँटच्या रंगाचे, म्हणजे नेव्ही, आणि बसल्यावर पोटरी उघडी पडणार नाही इतके लांब. बेल्ट काळा.

एखादा मामा म्हणेलच, बूट कशाला, कोल्हापुरी घाल. त्याचं प्रेम समजू शकतो. आपल्या अथणी-निपाणी भागातही ही चप्पल पिढ्यानपिढ्या बनते. २०१९ साली तिला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकाच्या चार जिल्ह्यांना मिळून, त्यात बेळगाव आहेच. बाभळीची साल आणि हिरड्याने कमावलेल्या चामड्याचा तो मधासारखा रंग धोतर-कुर्त्याखाली पाहावा. सूटखाली नको. सकाळी विधीला कुर्ता घालणार असाल तर जरूर घाला, संध्याकाळी बूट.

काळ्या बुटांची एक कटकट आहे, धूळ लगेच दिसते. खानापूरकडची तांबडी माती तर फारच. खिशात एक सुती फडकं ठेवा. तळ रबरी घ्या. आपल्या पावसात चामड्याचा तळ घसरतो आणि फुगतोही. भिजलेच तर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत वाळवा, चुलीजवळ किंवा उन्हात ठेवलेत तर चामडं तडकतं. आणि लग्नाच्या दिवशी ते पहिल्यांदा घालू नका. आधी आठवडाभर घरात मोज्यांसकट घालून फिरा, नाहीतर वरातीत टाचेला फोड येऊन लंगडत नाचाल.